एका मात्रेचा फरक

(मोठ्या गटासाठी पाठ. लहान गटाने टाळ्यांचा भाग आईबाबांबरोबर करावा.)



आमची धाकटी गेल्या हिवाळ्यात साताऱ्याच्या आजीला फोनवर सांगत होती, "आजी, माझ्या पुस्तकात चिता आहे. ती सगळ्यांत जोरात पळते." पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग आजीने फोन आमच्याकडे द्यायला लावला आणि विचारले, "अरे, पोरीला कसली पुस्तकं आणून देता?" पोरीला चित्ता म्हणायचे होते. आजीला ऐकू आली ती चिता.

आम्ही सगळे हसलो, पण हसणे ओसरल्यावर जरा बेचैनही झालो. शब्द तिला येत होता, अर्थ येत होता, वाक्यही बरोबर होते. कमी पडली ती फक्त एक मात्रा. तेवढ्याने आजी आणि नात एकमेकींना समजल्या नाहीत.

ही चूक येते कुठून, हे हॅम्बर्गमध्ये वाढणाऱ्या मुलांनी समजून घ्यायला हवे, कारण ती तुमच्या जर्मन शाळेतून येते आणि तिथे ती चूक नसते. 'ओफन' म्हणजे भट्टी, त्यात एक एफ. 'ऑफन' म्हणजे उघडे, त्यात दोन एफ. तो दुसरा एफ कोणी उच्चारत नाही. 'आधीचा स्वर आखूड म्हणा' एवढाच निरोप देण्यासाठी तो तिथे उभा असतो. मराठीत जोडाक्षराचे काम अगदी उलटे. 'चित्ता' म्हणताना जीभ दातांमागे क्षणभर थांबते, आणि त्या थांबण्यामुळे आधीचा 'चि' जड होतो. जर्मन वळणाचा कान दोन 'त' दिसले की घाई करतो. मराठी कान तिथे थांबतो. म्हणून 'पक्का'चा 'पका' होतो, 'सत्ता'ची 'सता' होते आणि चित्त्याची चिता होते.

आता वजनाचे नियम. प्रत्येक अक्षराला वजन असते. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असलेले अक्षर लघू, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेले अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर अक्षर गुरू. पुढे जोडाक्षर असून त्याचा आघात आधीच्या अक्षरावर येत असेल, तर ते आधीचे अक्षरही गुरू. लघूसाठी आपण 'ल' लिहू आणि गुरूसाठी 'गा'. म्हणजे चिता: ल गा, तीन मात्रा. चित्ता: गा गा, चार मात्रा. (गंमत अशी की संस्कृतातल्या 'गुरु' या शब्दात एकही गुरू नाही. मराठीने शेवटचा रू दीर्घ करून निदान एक तरी बसवला.)

'आघात येत असेल तर' हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. 'पुण्यात खूप पाऊस झाला' यातले 'पुण्यात' आणि 'दानाने पुण्यात भर पडते' यातले 'पुण्यात' लिहायला सारखेच. म्हणून पाहा. शहराचे पुण्यात म्हणताना 'पु' हलका राहतो: ल गा ल, चार मात्रा. दुसऱ्यात तो दाबला जातो: गा गा ल, पाच मात्रा. पुणेकर मंडळींनी वाईट वाटून घेऊ नये, पण पुणे आणि पुण्य यांच्यात एका मात्रेचे अंतर आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हे शब्द बोलताना आम्ही मोठी माणसेही बहुधा एकसारखेच म्हणतो. त्यामुळे शुद्धलेखनाच्या प्रत्येक प्रश्नाला कान उत्तर देईल असे नाही. पण शब्द वृत्तात बसवून म्हटला की तोल कुठे ढळतो हे मात्र लगेच कळते, कारण वृत्त दिनला दोन मात्रांची जागा देते आणि दीनला तीन.

वृत्त म्हणजे लघुगुरूंचा ठरलेला नमुना. जर्मन कवितेत मुख्यतः जोर मोजतात: कुठल्या अक्षरावर ठोका पडला आणि कुठल्यावर नाही. आपल्या वृत्तांत अक्षराला किती वेळ लागला हे मोजतात. सगळीच मराठी कविता असे मोजत नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी बावीस अक्षरे मोजली की झाले, वजन कोणी विचारत नाही. पण श्लोक आणि आर्या यांचा कारभार तराजूवर चालतो.

अक्षरांची वृत्ते ओळखण्यासाठी तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडतात, त्यांना गण म्हणतात. प्रत्येक जागी ल किंवा गा, जागा तीन, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ गण. त्यांची नावे य, म, त, र, ज, भ, न, स. पालकांपैकी अनेकांनी ही नावे शाळेत घोकली असतील आणि परीक्षा झाल्यावर सुखाने विसरलीही असतील. आम्ही ती आता गावांच्या नावांवर बसवली आहेत:

य: अकोला (ल गा गा)
म: सातारा (गा गा गा)
त: हॅम्बर्ग (गा गा ल)
र: सांगली (गा ल गा)
ज: महाड (ल गा ल)
भ: नाशिक (गा ल ल)
न: परळ (ल ल ल)
स: पणजी (ल ल गा)

हॅम्बर्गमध्ये 'हॅ' गुरू, 'म्ब' पुढच्या 'र्ग'मुळे गुरू, आणि 'र्ग' लघू. आपले हे शहर चक्क तगण निघाले. ज्या दिवशी हे सापडले त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात बराच आरडाओरडा झाला.

तो आरडाओरडा करणारा आमचा थोरला होता, आणि हा पाठ खरे तर त्याच्यामुळे लिहिला. तो तेरा वर्षांचा आहे. या वर्षी त्याने शनिवारचा वर्ग सोडायचे ठरवले होते. त्याचे म्हणणे असे की शनिवारी सामने असतात, मराठीचे गुण शाळेत कुठेच धरत नाहीत, आणि गणित निदान उपयोगी तरी पडते. यातले एकही वाक्य खोटे नाही, त्यामुळे आम्हांला उत्तर सुचेना. 'आपली भाषा आहे रे' एवढे म्हणून आम्ही गप्प बसलो. मग एका संध्याकाळी, वाद घालण्यासाठी नव्हे तर सहज, त्याला दहा अक्षरे लिहून दिली: यमाताराजभानसलगा.

कागद घ्या आणि तुम्हीही करून पाहा. पहिल्या अक्षरापासून तीन अक्षरे घ्या: यमाता, म्हणजे ल गा गा. हा यगण, आणि तुकडाही 'य'पासूनच सुरू झाला. एक अक्षर पुढे सरका: मातारा, गा गा गा, मगण. पुन्हा सरका: ताराज, गा गा ल, तगण. असे 'सलगा'पर्यंत जा. आठही गण, प्रत्येक एकदाच, आणि प्रत्येक आपल्याच अक्षरापासून. आठ गण सुटे लिहिले तर चोवीस अक्षरे लागली असती. इथे दहांत काम झाले. शिवाय शेवटचे 'लगा' हे ल गा, आणि सुरुवातीचे 'यमा' हेही ल गा. तेव्हा दोन्ही टोके एकमेकांवर ठेवा, आठ मण्यांची गोल माळ तयार होते. अशा माळांचे गणित डच गणिती डी ब्रॉइन यांनी १९४६ मध्ये मांडले आणि आज त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. आम्ही अभियांत्रिकीला असताना त्या संगणकाच्या पुस्तकात शिकलो. ज्या सूत्राने लहानपणी व्याकरणाचे गुण मिळवले तीच ही माळ, हे त्या वेळी लक्षातही आले नाही.

थोरल्याने माळ तपासली. मग विचारले, "चार-चार अक्षरांचे तुकडे घेतले तर सोळा मण्यांची होईल का?" होते. कशी, ते आम्ही सांगितले नाही. तो त्या रात्री उशिरापर्यंत जागा होता.

या मोजणीचे मूळ पिंगलाच्या 'छंदःशास्त्र' या ग्रंथात आहे, जो दोन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. पिंगलाने सगळे नमुने एकाखाली एक लिहिण्याची रीत दिली, तिला प्रस्तार म्हणतात. तीन अक्षरांचा प्रस्तार असा: १ गागागा, २ लगागा, ३ गालगा, ४ ललगा, ५ गागाल, ६ लगाल, ७ गालल, ८ ललल. डावीकडचे अक्षर ओळीगणिक बदलते, मधले दोन ओळींनी, उजवीकडचे चार ओळींनी. गा म्हणजे शून्य आणि ल म्हणजे एक असे धरा आणि ओळ आरशात पाहा: संगणक शून्यापासून सातपर्यंत जे आकडे मोजतो तेच समोर येतात.

याहून गमतीचा भाग पुढेच आहे. समजा कोणी विचारले, "सहावी ओळ कोणती?", तर सगळा प्रस्तार लिहीत बसायचे नाही. आकडा सम असेल तर ल लिहा आणि अर्धा करा. विषम असेल तर गा लिहा, एक मिळवा आणि मग अर्धा करा. सहा सम: ल, अर्धे तीन. तीन विषम: गा, एक मिळवून चार, अर्धे दोन. दोन सम: ल. उत्तर लगाल, म्हणजे महाड. पाचवी ओळ काढा. पाच विषम: गा, सहाचे अर्धे तीन. तीन विषम: गा, चाराचे अर्धे दोन. दोन सम: ल. गागाल: हॅम्बर्ग! या रीतीला 'नष्ट' म्हणतात. ओळ पुसली गेली, नष्ट झाली, तरी नुसत्या क्रमांकावरून ती परत मिळते.

शून्य आणि एक या दोनच अंकांचे गणित युरोपात सविस्तर मांडले ते लाइबनिट्स यांनी, १७०३ च्या निबंधात. ते १६७६ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १७१६ पर्यंत, हानोफरला नोकरीला होते; आपल्याकडून आगगाडीने सव्वा तासाचा रस्ता. त्यांच्या नावाचे बिस्किट तुमच्यापैकी निम्मी मुले डब्यात आणतात. लाइबनिट्स यांनी पिंगल वाचला होता असे आम्ही म्हणत नाही, आणि पिंगलाने संगणक शोधला असे तर मुळीच म्हणत नाही. असे दावे ऐकले की आमच्यातला अभियंता अस्वस्थ होतो. दोन वेगळ्या माणसांना दोन वेगळ्या कामांसाठी एकच रीत सापडली, हीच गोष्ट आम्हांला पुरेशी नवलाची वाटते.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त विचारले आहे: गायत्री छंदाचे चोवीस अक्षरांचे नमुने किती? दोनला दोनने गुणत चोवीस जागा भरा. उत्तर १,६७,७७,२१६. हा आकडा पाहून पालकांपैकी संगणकवाल्यांच्या भुवया उंचावल्या असतील. लाल, हिरवा आणि निळा यांना आठ-आठ जागा दिल्या की चोवीस होतात. आपल्या नेहमीच्या पडद्याला दाखवता येणाऱ्या रंगांची संख्या म्हणून हाच आकडा सांगतात. मुलांनो, तुम्ही पडद्यावर जे चित्र रंगवता त्याचा एकेक ठिपका म्हणजे चोवीस अक्षरांची एकेक ओळ आहे.

इथवर आपण अक्षरे मोजली. आता अक्षरे सोडा आणि मात्रा मोजा. चार मात्रांचे शब्द किती प्रकारचे? अक्षरे कितीही असोत, वजन चार हवे. आम्हांला पाच प्रकार मिळाले आणि पाचांनाही गावे सापडली: ठाणे (गागा), नाशिक (गालल), महाड (लगाल), पणजी (ललगा), दहिसर (लललल). सहावा प्रकार निघतच नाही. खात्री करून घ्या.

पाच मात्रांचे प्रकार आठ होतात. हॅम्बर्ग, सांगली, अकोला हे तिघे आलेच. सासवड: गाललल. जळगाव: ललगाल. परभणी: लललगा. लगालल या वजनाचे गाव काही केल्या मिळेना, तेव्हा 'पुणेकर' हा शब्द घेतला. पुणेकरांना कुठेतरी घ्यावेच लागते. आठवा प्रकार पाच लघूंचा. त्याची जागा रिकामी ठेवली आहे. त्याबद्दल शेवटी.

आता नुसते आकडे पाहा. एका मात्रेचा प्रकार १, दोन मात्रांचे २, तीनचे ३, चारचे ५, पाचचे ८, सहाचे १३, सातचे २१ (हा आकडा तुम्हांला जर्मनसारखाच म्हणता येतो, एक आधी आणि वीस नंतर). प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज आहे. का, ते सोपे आहे. पाच मात्रांच्या कुठल्याही शब्दाचे शेवटचे अक्षर झाका. ते लघू असेल तर उरल्या चार मात्रा, त्यांचे प्रकार पाच. गुरू असेल तर उरल्या तीन मात्रा, त्यांचे प्रकार तीन. तिसरी शक्यता नाही. पाच अधिक तीन, आठ.

ही संख्यामाला शाळेत तुम्हांला फिबोनाची या नावाने भेटेल, सशांच्या जोड्यांच्या गणितात. इटलीतल्या पिसा गावच्या फिबोनाचींचा ग्रंथ १२०२ चा. त्याच्या सुमारे अर्धशतक आधी गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी हा बेरजेचा नियम मात्रावृत्तांसाठी लिहिला होता, आणि त्यांच्याही काही शतके आधी विरहांक नावाच्या छंदशास्त्रकाराने. तिकडे ससे मोजत होते, इकडे कवितेच्या ओळी. थोरल्याने हे शाळेत गणिताच्या तासाला सांगितले आणि पाटीवर ठाणे, नाशिक, महाड, पणजी, दहिसर लिहून दाखवले. देवनागरीत. वर्गाला एक अक्षर वाचता आले नाही, पण मोजता आले.

मात्रा हा शब्द तबल्यातही आहे हे ज्यांना ठाऊक आहे, ती मुले आतापर्यंत हात वर करून थकली असतील. तिकडेच जाऊ, पण वाटेत देवगिरीला थांबून. छत्रपती संभाजीनगरजवळचा हा किल्ला तेराव्या शतकात यादवांची राजधानी होता. राजा सिंघणाच्या पदरी चांगदेव नावाचे ज्योतिषी होते, भास्कराचार्यांचे नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. १२०७ चा त्याचा शिलालेख आहे. त्याच सिंघणाच्या दरबारी हिशेबाचे मोठे अधिकारी होते शार्ङ्गदेव. (त्यांच्याही आजोबांचे नाव भास्कर, पण ते वेगळे, काश्मीरहून आलेले.) दिवसभर राज्याचे हिशेब पाहणाऱ्या या माणसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, आणि त्यातही हिशेब सुटला नाही. सात स्वर, प्रत्येक एकदाच, किती क्रमांनी लावता येतील? ५,०४०. त्यांतल्या अमुक क्रमांकाची तान कोणती, हे सगळ्या न लिहिता कसे काढायचे, याचा तक्ताही त्यांनी दिला. आपली 'नष्ट'ची रीतच ही, फक्त आता स्वरांवर.

तालासाठी शार्ङ्गदेवांनी चार मापे घेतली: द्रुत, त्याच्या दुप्पट लघू, चौपट गुरू, सहापट प्लुत. चार द्रुतांइतका वेळ या मापांनी भरायचे प्रकार सहा होतात. पाच द्रुतांचे दहा, सहांचे एकोणीस. नियम तोच, शेवटचा तुकडा झाका आणि उरलेले मोजा. फक्त शेवटी येऊ शकणारे तुकडे आता दोनऐवजी चार आहेत.

आता सगळ्यांनी पुस्तके खाली ठेवा. टाळ्यांची वेळ.

तीनतालाच्या सोळा मात्रा असतात. सोळा झाल्या की पुन्हा पहिली, तिला सम म्हणतात. तबलावादक एकच तुकडा तीनदा वाजवतो आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका नेमका समेवर आणतो, ती तिहाई. ऐकणारे तिथे मान डोलावतात आणि 'वा' म्हणतात. हे नशिबाने होत नाही, बेरजेने होते. समेपासून सुरू करून पुढच्या समेपर्यंत, दोन्ही धरून, सतरा मात्रा. तुकडा तीनदा, मध्ये मोकळी जागा दोनदा. पाच टाळ्या, एक मात्रा गप्प, पाच टाळ्या, एक गप्प, पाच टाळ्या. पंधरा अधिक दोन, सतरा. शेवटची टाळी समेवर. तीन टाळ्या आणि चार मात्रा गप्प असेही चालते: नऊ अधिक आठ.

चार टाळ्यांचा तुकडा घेतला तर? चार त्रिक बारा, उरल्या पाच मात्रा, त्या दोन मोकळ्या जागांत सारख्या कशा वाटणार? नाही वाटता येत, निदान अर्धी मात्रा न वापरता तरी. सम संख्येचा कुठलाच तुकडा तीनतालात असा बसणार नाही. रूपकात बसतो, कारण रूपकाच्या मात्रा सात, पुढची सम धरून आठ: दोन टाळ्या, एक गप्प, दोन टाळ्या, एक गप्प, दोन टाळ्या. दहा मात्रांच्या झपतालाची तिहाई तुम्ही काढा.

गप्प बसायची मात्रा हीच मुलांना सर्वांत कठीण जाते. वर्गात पाहिले, पाच टाळ्या सगळ्यांच्या बरोबर येतात, सहावी मात्रा मात्र कोणालाच रिकामी ठेवता येत नाही. 'चित्ता'तले थांबणे हेच आहे. आमच्या धाकटीला 'चित्ता' शेवटी साधला तो टाळीने. 'चि'वर टाळी, मग हात मिटून एक मात्रा गप्प, मग 'त्ता'. आठवडाभर घरात चित्ते धावत होते.

आपल्या गावाची एक गोष्ट राहिली. सेंट मिखाएलिस चर्चच्या तळघरात कार्ल फिलिप एमानुएल बाख यांची कबर आहे. योहान सेबास्टियान बाख यांचे हे चिरंजीव १७६८ मध्ये हॅम्बर्गला आले आणि १७८८ मध्ये इथेच वारले. हॅम्बर्गला येण्याआधी, १७५७ मध्ये, त्यांनी एक मजेशीर युक्ती छापली होती: आकड्यांच्या तक्त्यांतून मनाला येईल ते निवडत जायचे, आणि नियम न शिकताही सहा मापांचे, दोन आवाजांचे असे संगीत तयार होते की वरचा आवाज खाली आणि खालचा वर नेला तरी ते बिघडत नाही. देवगिरीचा हिशेबनीस आणि मिखाएलिसच्या तळघरातला संगीतकार यांच्यात पाच शतके आणि सात समुद्र आहेत, पण दोघांचे कागद शेजारी ठेवले तर एकाच कारकुनाने आखल्यासारखे वाटतील. सवड झाली की मुलांना पीटरस्ट्रासेवरच्या संगीतकारांच्या संग्रहालयात न्या. तिथे त्यांचे दालन आहे.

गृहपाठ. एक: स्वतःच्या नावाच्या मात्रा मोजा आणि तेवढ्याच मात्रांचे एक फळ, एक गाव आणि एक खेळ शोधा. दोन: सहा मात्रांचे तेरा प्रकार लिहा, एकही सुटता कामा नये. तीन: झपतालाची तिहाई. चार, फक्त मोठ्यांसाठी: सोळा मण्यांची माळ. आमच्या थोरल्याकडे उत्तर आहे, त्याला विचारू नये. तो सध्या वर्गाला येतो आहे. पुढच्या सत्राचे काही ठरलेले नाही.

आणि ती रिकामी जागा, पाच लघूंची. आम्ही दोघांनी नकाशा पालथा घातला, गाव मिळाले नाही. मग थोरल्याने आपणहून साताऱ्याला फोन लावला. आजी शाळेत गण शिकलेली. तिने आधी आठही गण धडाधडा म्हणून दाखवले, त्याने प्रत्येकाचा प्रस्तारातला क्रमांक सांगितला, आणि मग तिने मिनिटभरात पाच लघूंचा शब्द दिला. शब्द इथे छापत नाही. खूण एवढीच: ते गावाचे नाव नाही. बातमी कुठे पसरली असे विचारले की तो उत्तरात येतो. 'गावभर' म्हणाल तर वजन बरोबर, पण पहिलेच अक्षर गुरू, म्हणून चूक. बाकी पुढच्या शनिवारी.